भरायचं, ओतायचं, पुन्हा भरायचं

न्यूयॉर्क विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ कॅरन अडॉल्फ यांनी २०१२ साली एक मोजदाद प्रसिद्ध केली. बारा ते एकोणीस महिन्यांची मुलं त्यांनी खेळण्यांच्या खोलीत मोकळी सोडली. कुणी हाक मारायची नाही, कुणी बोट धरायचं नाही. मुलं हिंडली, कॅमेऱ्यांनी टिपलं आणि नंतर संशोधकांनी पाऊल न् पाऊल मोजलं. तासाला सरासरी २,३६८ पावलं, सातशे मीटरची चाल आणि सतरा वेळा पडणं, असा हिशेब निघाला. आपण तासाभरात तीनदा पडलो तर घरचे उचलून डॉक्टरकडे नेतील. ही मंडळी सतरा वेळा पडतात, उठतात आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढे निघतात.

पण निघतात कुठे? अडॉल्फ यांच्याच प्रयोगशाळेतल्या पुढच्या अभ्यासांतून आलेलं उत्तर आकड्यांहून गमतीचं आहे: बहुतेक वेळा कुठेच नाही. मुलाला त्या कोपऱ्यातला चेंडू हवाय म्हणून ते चालतंय, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते चार पावलं टाकून मध्येच थांबतं, वळतं, भलतीकडेच जातं. खोलीतली सगळी खेळणी उचलून नेली तरी चालणं कमी होत नाही. चालायला मिळतंय, एवढं कारण त्याला पुरतं.

हेच मूल आणखी काही महिन्यांनी, दोन वर्षांचं होऊन, पाळणाघराच्या किंवा प्लेग्रुपच्या दारात उभं राहतं. आणि आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी पहिलं काय होतं, तर त्याला छोट्याशा खुर्चीत बसवतात. समोर टेबल, टेबलावर सफरचंदाचं चित्र, हातात लाल खडू. संध्याकाळी पालकांना दाखवायला काहीतरी हवं ना! दोन वर्षांच्या मुलाने दिवसभर केलेलं खरं काम कागदावर उतरत नाही, ही या वयाची मोठीच पंचाईत आहे. ते काम दिसतं पसाऱ्यासारखं, कधी कधी तर उपद्रवासारखं.

त्या पसाऱ्याकडे नीट बघायला शिकवणाऱ्यांत एलिनॉर गोल्डश्मीड (१९१०–२००९) या इंग्रज बाईंचं नाव मी आधी घेईन. दुसरं महायुद्ध संपल्यावर त्या इटलीत गेल्या आणि पुढे मिलानमध्ये एकट्या पडलेल्या आया आणि त्यांची मुलं यांच्यासाठीच्या संस्थेत त्यांनी काम केलं. नुसतं बसता येणाऱ्या बाळांसाठी त्यांनी काढलेली युक्ती म्हणजे घरातल्या साध्या वस्तूंनी भरलेली एक बुटकी टोपली. चमचा, ब्रश, लाकडी अंडं, लिंबू, चामड्याची पट्टी. प्लॅस्टिकचं एकही खेळणं नाही, कारण प्लॅस्टिकला वास नाही, चव नाही आणि सगळ्या प्लॅस्टिकचा स्पर्श जवळपास सारखाच. मूल पायावर उभं राहिलं की टोपली पुरत नाही. त्याला वस्तू नुसत्या चाखायच्या नसतात, त्या वस्तूंचं काय काय होतं ते बघायचं असतं. म्हणून वर्ष ते दोन वर्षांच्या मुलांसाठी गोल्डश्मीड यांनी दुसरा खेळ आखला.

त्याची मांडणी ऐका. आठेक मुलं. एक मोकळी खोली. रोजची सगळी खेळणी नजरेआड. जमिनीवर निरनिराळ्या आकाराचे रिकामे डबे आणि वस्तूंचे ढीग: पडद्याच्या लाकडी कड्या, कपडे वाळत घालायचे चिमटे, मोठी बुचं, पुठ्ठ्याच्या नळ्या, धातूच्या बारीक साखळ्या, लोकरीचे गोंडे, पिंगपाँगचे चेंडू. निदान पंधरा प्रकार आणि प्रत्येक प्रकाराचे पन्नास-साठ नग. ताई खुर्चीत बसणार, लक्ष ठेवणार, पण ‘हे बघ असं कर’ म्हणणार नाही, ‘शाब्बास’ही म्हणणार नाही. शेवटी मुलांनीच एकेक वस्तू शोधून तिच्या तिच्या पिशवीत टाकायची. आवरणं हाही खेळाचाच भाग.

साखळीचंच बघू. मूल साखळी उचलून डब्यात टाकायला जातं. अर्धी आत जाते, अर्धी काठावरून लोंबते. बाहेरचा भाग जड असेल तर आतली साखळीही सुळकन बाहेर येते. पुन्हा टाकतं, पुन्हा बाहेर. कधीतरी आतला भाग जड होतो आणि सगळी साखळी खळखळत डब्यात जाते. मूल चमकून डब्यात डोकावतं. मग पुठ्ठ्याची नळी. नळीत साखळी सोडली की ती गायब. नळी उभी धरली तर खालून बाहेर, आडवी धरली तर नाही. एक डोळा मिटून नळीत बघणं हे कुणी शिकवलेलं नसतं. पंधरा-वीस मिनिटं एकाच साखळीशी झटणारी मुलं या खेळात नेहमी दिसतात, आणि ही तीच मुलं ज्यांच्याबद्दल आपण ‘एका जागी दोन मिनिटं बसत नाही हो’ म्हणतो.

या खेळात चुकीचं उत्तर नसतं. आकार बसवायच्या ठोकळ्यात चौकोन गोल भोकात जात नाही आणि मुलाला कळतं की आपलं चुकलं. बूच मात्र डब्यात गेलं तरी छान, डब्यावरून घरंगळलं तरी छान. मुलाच्या लेखी दोन्ही बातम्याच.

मराठी स्वयंपाकघरात हे सामान फुकट पडलेलं असतं. वाट्या, डाव, चाळणी, रवी, डब्यांची झाकणं, नारळाच्या करवंट्या. अट एकच, आणि ती टाळता येण्यासारखी नाही: घशात अडकेल असं काही नको. खेळण्यांच्या तपासणीसाठी एक नळकांडं वापरतात, त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. जी वस्तू त्यात पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायची नाही. घरी यासाठी टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी वापरता येते. ती थोडी मोठी असते, म्हणजे आपण जास्त सावधच राहतो. याच हिशेबात बाटल्यांची छोटी झाकणं बाद, चिंचोके बाद, आणि खाण्यातले अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षंही बाद. मूल द्राक्ष चावेल या भरवशावर राहू नये, द्राक्ष उभं चिरून द्यावं.

पुण्यातल्या एका पाळणाघरात एक मुलगी बघितली होती. सव्वादोन वर्षांची असेल. सकाळी आल्या आल्या तिने दाराशी सोडलेल्या चपला एकेक करून उचलल्या आणि मागच्या खिडकीखाली नेऊन ठेवल्या. सगळ्यांच्या. एका हातात एकच, जोडी कधीच नाही. मावशींनी चपला परत दाराशी आणल्या, तिने परत नेल्या. मग मावशींनी एक जुनी भाजीची पिशवी तिच्या खांद्याला अडकवली आणि ठोकळ्यांची पेटी उघडून दिली. त्यानंतरचा तास या बाईसाहेबांची हमाली अखंड चालू होती: ठोकळे भरायचे, खिडकीपर्यंत न्यायचे, ओतायचे, रिकामी पिशवी घेऊन परत यायचं. चपला जागेवर राहिल्या. मावशींनी बालमानसशास्त्र वाचलं होतं की नाही मला ठाऊक नाही, पण क्रिस अथी त्यांच्यावर खूश झाल्या असत्या.

अथी या ब्रिटिश संशोधक. १९७३ पासून पाच वर्षं लंडनमधल्या रोहॅम्प्टनच्या फ्रोबेल संस्थेच्या प्रकल्पात त्यांनी लहान मुलांचं बारकाईने निरीक्षण केलं. त्यांना दिसलं की मुलाचे वरकरणी विस्कळीत उद्योग काही मोजक्या आकृतिबंधांत बसतात. एखादं मूल काही आठवडे फक्त वाहतूक करत असतं. दुसरं सगळं गुंडाळत असतं: बाहुली रुमालात, स्वतःला आईच्या ओढणीत, पोळी पोळीत. तिसऱ्याला गोल फिरणाऱ्या प्रत्येक गोष्टीचं वेड, मग ते मिक्सरचं भांडं असो की रिक्षाचं चाक. चौथं फेकतं. चेंडू फेकतं, वाटी फेकतं, गच्चीतून तुमचा मोबाइल फेकतं. मुळात ही दृष्टी जाँ पियाजे यांची. त्यांनी आपल्याच तीन मुलांच्या असल्या उद्योगांच्या वह्या भरल्या होत्या. अथी यांनी ती पाळणाघराच्या जमिनीवर आणली. फेकणारं मूल वस्तूची वाट तपासतंय, हे एकदा दिसलं की मावशींचा प्रश्न बदलतो. फेकणं कसं थांबवायचं याऐवजी, याला फेकायला काय द्यायचं आणि कुठल्या दिशेला. कापडी चेंडू आणि रिकामी बादली दिली की दोन्हीकडचं समाधान होतं.

इथवर हाताचं आणि पायाचं झालं. डोक्यात काय चाललंय याचा सगळ्यात चकित करणारा पुरावा मात्र एका कुत्र्याच्या बाहुलीपासून सुरू होतो.

१९८७ साली मानसशास्त्रज्ञ ज्युडी डिलोश यांनी एक खोली घेतली आणि तिची हुबेहूब छोटी प्रतिकृती बनवली. तोच सोफा, तेच कपाट, तीच उशी, सगळं लहान. मुलाच्या देखत छोट्या खोलीत छोटा स्नूपी लपवला, सोफ्यामागे म्हणा. मग सांगितलं, मोठा स्नूपी मोठ्या खोलीत अगदी याच जागी लपलाय, शोध बरं. तीन वर्षं पुरी झालेली मुलं धावत गेली आणि बहुतेकांनी तो काढला. अडीच वर्षांची मुलं मात्र खोलीभर भटकली. विसरली होती म्हणावं तर तसंही नाही. परत आणून विचारलं की छोटा स्नूपी कुठाय, तर बोट बरोबर सोफ्यामागे. त्यांना दोन खोल्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे हेच उमगत नव्हतं. छोटी खोली हे त्यांच्यासाठी एक झकास खेळणं होतं, आणि झकास खेळणं दुसऱ्या कशाची तरी खूण असू शकतं, ही दोन ओझी एकदम उचलायची ताकद अजून आली नव्हती.

हे खरंच तसं आहे का, हे तपासायला डिलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केलं ते वाचताना मी खुर्चीत उठून बसले होते. १९९७ चा प्रयोग. या वेळी अडीच वर्षांच्या मुलांना एक यंत्र दाखवलं आणि सांगितलं की हे यंत्र वस्तू लहान करतं. यंत्र चालू केलं, सगळे बाहेर गेले, आतून घरघर ऐकू आली, परत येऊन बघतात तर मोठ्या बाहुल्याच्या जागी इवलासा बाहुला. मुलांनी बिनतक्रार विश्वास ठेवला. मग तंबूच्या मोठ्या खोलीत बाहुला लपवला, यंत्र खोलीकडे वळवलं, पुन्हा घरघर, आणि खोलीच्या जागी छोटी खोली! आता शोध बाहुला. मुलांनी सरळ योग्य जागी हात घातला. तीच अडीच वर्षं, तशीच दोन खोल्यांची जोडी, पण आता छोटी खोली कशाची खूण नव्हती. ती तीच खोली होती, आटलेली. खोली आटते ही गोष्ट त्यांना सोपी आणि एक खोली दुसरीचं चित्र असते ही गोष्ट अवघड! आपलं नेमकं उलट असतं, म्हणून या वयाच्या मुलांना शिकवताना आपला अंदाज इतका चुकतो.

बाजारात दोन वर्षांच्या मुलांसाठी फ्लॅशकार्डांचे गठ्ठे मिळतात. कार्डावर गाजर, कार्डावर हत्ती, कार्डावर विमान. मूल ‘गाजर’ म्हणेलही, पोपटपंची या वयात झपाट्याने होते. पण गाजर धुताना हाताला लागणारी माती, ते मोडल्याचा कटकन आवाज, किसणीखाली त्याचे झालेले तंतू, यातलं काहीही कार्डात नाही, आणि कार्डातून खऱ्या गाजराकडे जाणारा पूल अजून कच्चा आहे. चित्रं नकोत असं मी म्हणत नाही. मांडीवर बसवून चित्रांचं पुस्तक बघण्यासारखं सुख नाही. तिथे मांडी असते, आवाज असतो, ‘भूभू कुठाय?’ला उत्तर असतं. गठ्ठ्याने कार्ड दाखवत जाणं ही वेगळी गोष्ट.

गंमत इथे संपत नाही. खोलीची प्रतिकृती न कळणारं हेच मूल रिकामा कप तुमच्यापुढे धरतं आणि ‘चहा’ म्हणतं. तुम्ही ‘हाय, भाजलं!’ म्हटलंत तर ते कपावर फुंकर घालतं. ॲलन लेस्ली या मानसशास्त्रज्ञांनी दोन ते तीन वर्षांच्या मुलांबरोबर अशीच चहाची भातुकली मांडली. दोन रिकामे कप, रिकाम्या बाटलीतून दोन्हींत ‘पाणी’ ओतलं. मग एक कप उचलून उलटा केला, झटकला, परत ठेवला. आता विचारलं, रिकामा कप कोणता? दोन्ही कोरडे ठणठणीत होते. मुलांनी उलटा केलेला कप दाखवला. म्हणजे नसलेलं पाणी सांडल्यावर ते पुन्हा नसतं, एवढा सूक्ष्म हिशेब त्यांनी बिनचूक ठेवला होता. आणि यातलं कुणीही खऱ्या तहानेला तो कप तोंडाला लावत बसत नाही.

मला यातून एवढंच दिसतं की खुणेची भाषा मुलाला हातातून आणि दुसऱ्या माणसाकडून येते. तुम्ही ओतल्याचा आव आणता, तुमच्या तोंडावर हसू असतं, कप त्याच्या मुठीत असतो. त्या वाटेने आलेली खूण त्याला लगेच समजते. भिंतीवर टांगलेली समजत नाही. सावंतवाडीच्या लाकडी भातुकलीला शिक्षणाचं साधन म्हणायला आपण उगाच लाजतो.

माणसाचा विषय निघालाच आहे तर मुलांच्या आपसातल्या व्यवहाराकडे येऊ. १९३२ साली मिनेसोटातल्या मिल्ड्रेड पार्टेन यांनी बालवाडीतल्या मुलांच्या खेळाचे प्रकार नोंदले. त्यात शेजारी शेजारी बसून आपापलं खेळणं हा लहानग्यांचा ठळक प्रकार होता. त्यावरून ‘दोन वर्षांची मुलं एकमेकांशी खेळतच नाहीत’ असं सरसकट बोललं जाऊ लागलं. फ्रान्सच्या जॅकलिन नाडेल यांनी मग एक साधीच गोष्ट केली. खोलीत प्रत्येक वस्तू दोन-दोन ठेवल्या: दोन छत्र्या, दोन टोप्या, दोन गॉगल. एकाने टोपी घातली की दुसऱ्याने घातली. एकाने छत्री उलटी धरली की दुसऱ्याने धरली. मग पहिल्याने थांबून बघितलं, मुद्दाम काहीतरी वेगळं केलं, दुसरा काय करतो याची वाट बघितली. शब्द जवळजवळ नाहीत, तरी पाळी ठरलेली, विषय ठरलेला, हशा ठरलेला. हा चक्क संवाद होता, फक्त नकलेच्या भाषेतला. बोलणं पक्कं होत जातं तशी ही भाषा मागे पडते.

यातला व्यवहारी धडा पाळणाघराला फार स्वस्तात पडतो. दहा वेगवेगळी भारी खेळणी घेण्याऐवजी पाच साधी, पण जोडीने घ्यावीत. ‘माझं! माझं!’ची निम्मी भांडणं तिथेच मिटतात. उरलेल्या निम्म्यांत कधीतरी कुणीतरी कुणालातरी चावतं. दोन वर्षांच्या मुलांच्या प्रत्येक गटात हे होतं. शब्द अजून तोकडे आहेत, राग पुरता आलेला आहे, तोंड जवळ आहे. चावणारं मूल वाईट वळणाचं नसतं आणि चावून घेणाऱ्याच्या आईने आरडाओरडा केला तरी तिचंही चुकत नाही. मावशी काय करते याला महत्त्व: आधी दुखलेल्याला जवळ घ्यायचं, मग चावणाऱ्याला दोन शब्दांत सांगायचं, ‘दुखतं तिला’, आणि पुढच्या वेळी कुठल्या क्षणी तोंड उघडतं ते हेरून आधीच मध्ये हात घालायचा.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २००६ साली फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी जर्मनीत दीड वर्षाच्या मुलांसमोर कपडे वाळत घालताना चिमटा मुद्दाम पाडला आणि तो हाताला येत नाही असं नाटक केलं. मुलं लगबगीने गेली, चिमटा उचलला, आणून दिला. कुणी मागितला नव्हता. दोन वर्षांनी त्यांनीच दाखवलं की मदतीबद्दल खेळण्याचं बक्षीस दिलं तर मुलं पुढच्या वेळी कमी मदत करतात. पाळणाघरात जेवणानंतर फडक्याने सांडलेलं पुसायला, ताटली नेऊन ठेवायला मुलांमध्ये चढाओढ असते ती यामुळे. ती पुसतात त्याने घाण वाढते हे मान्य. तरी पुसू द्यावं, आणि वर स्टार चिकटवू नये.

आता सांभाळण्याबद्दल. आपल्याकडे पाळणाघरात ‘शिकवणारी ताई’ आणि ‘शी-शू बघणारी मावशी’ अशी दोन माणसं असतात आणि पगारातही ते दिसतं. हंगेरीतल्या बालरोगतज्ज्ञ एमी पिक्लर यांना हा भेदच मंजूर नव्हता. १९४६ साली बुडापेस्टच्या लोत्सी रस्त्यावर युद्धाने पोरक्या केलेल्या बाळांसाठी त्यांनी संस्था उभी केली. तिथला दंडक असा की लंगोट बदलणं, न्हाऊ घालणं, भरवणं हीच त्या दिवसाची मुख्य भेट. घाई नाही. ‘आता मी तुला उचलणार’ असं सांगून, क्षणभर थांबून मगच उचलायचं. बाही चढवताना हात ओढायचा नाही, बाही पुढे धरायची आणि बाळ हात घालेपर्यंत थांबायचं. उरलेल्या वेळात बाळाला त्याच्या खेळात एकटं सोडायचं. दिवसातून पाच-सहा वेळा लंगोट बदलायचाच आहे, तर ती पाच-सहा वेळची निवांत गप्पांची संधी आहे, असा त्यांचा रोकडा विचार.

दोन वर्षांच्या मुलाला आपली माणसं किती लागतात हे जगाने १९५२ मध्ये डोळ्यांनी बघितलं. जेम्स रॉबर्टसन यांनी लंडनच्या इस्पितळात आठ दिवस ठेवलेल्या, अडीच वर्षांच्या आतल्या एका मुलीवर मूकपट काढला. आईला तेव्हा थोडाच वेळ भेटता येई. मुलगी आरडाओरडा करत नाही. उलट शहाण्यासारखी वागते, चेहरा घट्ट ठेवते, मधूनच ओठ थरथरतो. डॉक्टर आणि नर्स ज्याला ‘छान रमली’ म्हणत होते ते काय होतं हे त्या फिल्मने उघडं पाडलं. इस्पितळांचे नियम हळूहळू बदलले त्यात तिचा वाटा मोठा.

पाळणाघर म्हणजे इस्पितळ नव्हे, संध्याकाळी आई-बाबा येतातच. तरी अमेरिकेतल्या मेगन गनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं तेव्हा दिसलं की घरी दिवस कलताना ते उतरतं आणि दिवसभराच्या पाळणाघरात या वयाच्या पुष्कळ मुलांत ते चढतं. पाळणाघर बंद करा असा त्याचा अर्थ मी तरी लावत नाही. ज्या घरात दोघांनाही कामावर जायचं आहे तिथे हा सल्ला देणारा त्या घरचं भाडं भरणार नसतो. अर्थ एवढाच की इतक्या माणसांत वावरणं हे त्याच्यासाठी मेहनतीचं काम आहे आणि त्या मेहनतीला टेकायला एक ठरावीक खांदा हवा. गोल्डश्मीड यांनी तोही आग्रह धरला होता: प्रत्येक मुलासाठी एक नेमून दिलेली व्यक्ती, जी त्याला सकाळी घेईल, भरवेल, निजवेल. इंग्लंडात आज नर्सरीला तशी व्यक्ती नेमावीच लागते, आणि दोन वर्षांच्या पाच मुलांमागे किमान एक मोठं माणूस हा तिथला नियम आहे. सप्टेंबर २०२३ पर्यंत तो चार मुलांमागे एक होता आणि तो सैल केला तेव्हा तिथे बरीच कुरकुर झाली.

आपल्याकडे हा विचार परदेशी पुस्तकांतून आला असं समजायचं कारण नाही. ताराबाई मोडक १९४५ मध्ये मुंबई सोडून बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर काम उभं केलं. मॉन्टेसरीचं महागडं साहित्य वारली पाड्यावर न्यायला पैसे कुठून येणार? त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे घेतले. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, म्हणून अंगणवाडी. आणि थोरली मुलं शाळेत का येत नाहीत हे शोधलं तर ती घरी धाकट्याला सांभाळत बसलेली. म्हणून त्यांच्या ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली: ताईने कडेवरचं भावंड पाळणाघरात ठेवायचं आणि आपल्या वर्गात जायचं. दीड-दोन वर्षांच्या मुलाची सोय ही शिक्षणाची पहिली अट आहे, हे इतक्या सरळपणे क्वचितच कुणी मांडलं असेल.

सरकारी एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. पण तिथलं पूर्वशिक्षण तिसऱ्या वर्षापासून. दोन वर्षांच्या मुलाच्या वाट्याला पोषण आहार, वजनाचा काटा आणि लस येते, भातुकली नाही. तीन वर्षांखालच्या मुलांशी घरी आणि पाळणाघरात काय खेळावं हे सांगणारा ‘नवचेतना’ हा केंद्राचा आराखडा यायला २०२४ उजाडलं. २०१७ च्या कायदादुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं केलं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली. धुणंभांडी करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, उसाच्या फडात राबणाऱ्या आयांना हा कायदा शिवतही नाही.

तोवर ज्यांना पाळणाघर निवडायची ऐपत आणि संधी आहे त्यांनी भिंतीवरची कार्टुनं आणि ‘इंग्लिश स्पीकिंग’ची पाटी बघण्यात वेळ घालवू नये. जमिनीवर बसावं आणि विचारावं. माझ्या मुलाला रोज कोण घेणार, आणि ती सुट्टीवर असली तर कोण? सुरुवातीचे काही दिवस मी त्याच्याबरोबर थांबू शकते का? लंगोट बदलताना बाई त्याच्याशी बोलतात का, हे दाराआडून बघावं. एकाच प्रकारच्या वस्तू दोन-दोन आहेत का, डबे-झाकणं आहेत का, पाणी आणि माती आहे का. आणि शेवटी विचारावं, मुलं चावतात तेव्हा तुम्ही काय करता? ‘आमच्याकडे मुलं चावत नाहीत’ असं उत्तर आलं, तर थँक्यू म्हणून दुसरं पाळणाघर गाठावं.